आधी ओसरी, मग दिवाणखाना

ठाणे शहरास पंचतारांकित हॉटेल हवे की नको, आणि हवे असल्यास ते कोठे व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता धनिकांचा आहे. ज्यांना तेथे उतरावयाचे आहे त्यांनी आणि ज्यांना ते बांधावयाचे आहे त्यांनी आपसांत काय तो निकाल लावावा. सकाळची लोकल गाठून मुंबईस चाकरीला जाणाऱ्या सामान्य नागरिकाने त्यात डोके का घालावे, असे कोणासही वाटेल. आम्हांसही बराच काळ तसेच वाटत होते. परंतु जुन्या ठाण्यातील, कल्याणातील किंवा डोंबिवलीतील ऐन मध्यवस्तीची जमीन हॉटेलाच्या नावाने मागितली जाऊ लागली, की हा प्रश्न धनिकांचा राहत नाही. तो रस्त्याचा, पाण्याचा आणि शेजारधर्माचा होतो. म्हणजेच तो आपणां सर्वांचा होतो. म्हणूनच आज तो आम्ही वाचकांपुढे पहिल्या पानावर मांडीत आहोत.

या शहरांची महत्त्वाकांक्षा अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली देशातील पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यासच येऊन थांबली. पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली आणि तेथून तिला एक वाट उत्तरेकडे व एक दख्खनकडे फुटली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. तेव्हापासून ती संख्या कोठवर गेली असेल याचा अंदाज ज्याने त्याने फलाटावर उभे राहून करावा. ज्या जागी रेमंडचा कारखाना होता तेथे निवासी मनोरे उभे राहिले आहेत. वागळे इस्टेटीत यंत्रांचा खडखडाट ओसरून संगणकांची कार्यालये आली आहेत. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये १२,२०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या गाडीची चाचणीही झाली. असे शहर आपल्या पाहुण्याला रात्रीपुरते मुलुंड-पवईकडे धाडते, ही गोष्ट काही नगरसेवकांस, बांधकाम व्यावसायिकांस आणि नव्याने संपन्न झालेल्या नागरिकांस कमीपणाची वाटते, यात नवल नाही.

शिवाय या मागणीच्या बाजूने एक मुद्दा असा आहे, की ज्याची थट्टा करणे पाप ठरेल. तो रोजगाराचा होय. कारखाने गेले, त्यांच्याबरोबर हातांना मिळणारी कामेही गेली. मोठे हॉटेल हा माणसांवर चालणारा धंदा आहे. तेथे खोलीमागे निदान एक माणूस कामास लागतो, आणि तो केवळ पदवीधर असावा लागतो असेही नाही. आचारी, परीट, माळी, तारतंत्री, दरवान, हिशेबनीस अशा साऱ्यांस तेथे जागा असते. हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेली आमची मुले-मुली आज अंधेरीस आणि नरिमन पॉइंटास जातात आणि रात्रपाळी संपवून पहाटेच्या पहिल्या गाडीने परततात. त्यांना घराजवळ काम मिळाले तर ते कोणास नको आहे? २०२० मध्ये राज्य सरकारने आदरातिथ्याच्या व्यवसायास उद्योगाचा दर्जा देऊन वीज, पाणी व मालमत्ता कर यांत उद्योगांप्रमाणे दर लावण्याचे ठरविले, त्यामागेही हाच विचार होता. तेव्हा हॉटेल म्हटले की नाक मुरडावे, अशी आमची भूमिका नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. हॉटेल बांधण्यापूर्वी पाहुणा कोण, हे कोणी विचारले आहे काय?

या ठिकाणी आम्ही एक स्वानुभव सांगतो. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षक होतो. त्या काळी डोंबिवलीतील एका व्याख्यानमालेची पाहुण्यांच्या सरबराईची जबाबदारी आमच्याकडे असे. एके वर्षी विदर्भातून एक वयोवृद्ध विद्वान आले. मंडळाजवळ पैसे बेताचे, तरी पाहुण्यास एकांत मिळावा म्हणून आम्ही स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये त्यांची खोली धरली. व्याख्यान उत्तम झाले. रात्री साडेदहास आम्ही त्यांना पोहोचवावयास गेलो, तो चादर मळकी, नळास पाणी नाही आणि शेजारच्या खोलीत पत्त्यांचा डाव रंगलेला. पंडितजी एक अक्षर बोलले नाहीत; त्यांनी पिशवी खाली मात्र ठेवली नाही. ती पिशवी आम्ही त्यांच्या हातून घेतली आणि त्यांना आमच्या दोन खोल्यांच्या घरी आणले. मुलांची अंथरुणे शेजाऱ्यांकडे पडली. सकाळी चहा घेताना त्यांनी आमच्या आईस नमस्कार केला आणि ते कल्याणहून गाडीत बसले. त्या रात्री आम्हांस झुंबरांची उणीव भासली नाही. भासली ती धुतलेल्या चादरीची, पाण्याच्या भरल्या बादलीची आणि आतून नीट लागणाऱ्या कडीची.

त्यास आता पंचवीसहून अधिक वर्षे लोटली. दरम्यान डिसेंबर २०१० मध्ये ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यास भरले, फेब्रुवारी २०१६ मध्ये ९६ वे नाट्य संमेलनही ठाण्यातच झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वे साहित्य संमेलन डोंबिवलीने भरविले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून रसिक येतील असे सोहळे या शहरांनी अंगावर घेतले व निभावले. परंतु एखादी प्राध्यापिका एकटी नांदेडहून ठाण्यास आली, तर तिने स्टेशनपासून चालत जाता येईल अशा कोणत्या ठिकाणी निर्धास्तपणे रात्र काढावी, असे कोणी आम्हांस विचारले, तर आजही आम्ही क्षणभर थबकतो आणि शेवटी म्हणतो, की आमच्याच घरी उतरा. 'लॉज' हा शब्द आमच्या सभ्य घरांतून आवाज खाली करून उच्चारला जातो, यातच सारे आले.

आता या शहरांत रात्री मुक्कामास येतो कोण, ते पाहावे. ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. मुरबाड-शहापुराकडचा शेतकरी जमिनीच्या दाव्यासाठी येथील न्यायालयात येतो. आज तारीख लागली नाही तर उद्या पुन्हा उभे राहावे लागते. मोठ्या रुग्णालयांत खेडोपाडीचे रोगी येतात आणि त्यांचे नातलग जिन्याखाली किंवा बाकावर रात्र काढतात. स्पर्धा परीक्षेचे केंद्र लागलेले तरुण पहाटेपूर्वी पोहोचावे म्हणून आदल्या रात्री येतात. नाटक मंडळींच्या दौऱ्याबरोबर रंगमंच कामगार येतात. डोंबिवलीच्या आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ व मालाचे विक्रेते येतात. कल्याण जंक्शनवर तर रात्री दोन-अडीच वाजता लांबच्या गाडीतून कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात आणि पहिली लोकल सुटेपर्यंत सामानावर डोके टेकून पडून राहतात. शिवाय लग्नमुंजीचे, बारशाचे, मयतीचे पाहुणे वेगळेच. यांपैकी बहुतेकांजवळ एका रात्रीसाठी हजार-दोन हजार रुपये, फार तर तीन हजार रुपये असतात.

याच्या शेजारी पंचतारांकित हॉटेलाचे गणित ठेवून पाहावे. हॉटेलधंद्यात जगभर एक ढोबळ आडाखा चालतो: एक खोली उभी करण्यास जेवढा खर्च आला असेल, त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतके एका रात्रीचे भाडे त्या खोलीने मिळवावे, म्हणजे धंदा तगतो. मध्यवस्तीतील जमिनीचा भाव धरून एका खोलीस सवा कोटी रुपये लागले असे समजू. म्हणजे रात्रीस साडेबारा हजार रुपये भाडे. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. तेव्हा पाहुण्याच्या हाती बिल पडणार ते १४,७५० रुपयांचे. अशा २०० खोल्यांचे हॉटेल दोन-तृतीयांश भरावयाचे तर रोज रात्री सुमारे १३० खोल्या विकल्या गेल्या पाहिजेत. वर्षाच्या हिशेबाने तो आकडा ४७,००० च्या पुढे जातो. जांभळी नाक्याजवळ किंवा कल्याणच्या शिवाजी चौकाजवळ, वाहनांचा कर्णकर्कश गोंगाट उशाशी घेऊन, रात्रीस पावणेपंधरा हजार रुपये मोजणारा हा पाहुणा कोठून आणावयाचा? मुंबईत काम असलेला व्यापारी वांद्रे-कुर्ला संकुलाजवळ किंवा विमानतळाजवळ उतरतो, कारण त्याला पैशापेक्षा वेळ महाग असतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याचा लाभ कल्याण-डोंबिवलीस काही अंशी मिळेल हे खरे. पण विमानातून उतरलेला पाहुणा शिळफाट्याची रांग ओलांडून डोंबिवलीत झोपावयास येण्यापूर्वी नव्या मुंबईतच खोली पाहील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

मग अशी हॉटेले चालावयाची कशावर? त्याचे उत्तर व्यवसायातील माणसे उघडपणे देतात: लग्ने, साखरपुडे, वाढदिवस आणि कंपन्यांच्या मेजवान्या. आपल्याकडील मोठ्या हॉटेलांच्या उत्पन्नाचा बराच मोठा भाग खोल्यांतून नव्हे, तर भोजनगृहांतून व समारंभांतून येतो. म्हणजे ठाण्याच्या मध्यवस्तीत जे उभे राहील ते नावाने हॉटेल आणि व्यवहाराने भव्य मंगल कार्यालय असेल. वरच्या खोल्या वऱ्हाडासाठी. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. पण त्या लग्नाच्या पाचशे मोटारी राम मारुती रस्त्यावर किंवा फडके रस्त्यावर मुहूर्ताच्या वेळी कशा मावणार, हे पाहण्याची पाळी शेजाऱ्यांवर येणार आहे. ज्या गल्लीत रुग्णवाहिकेस वाट मिळण्याची मारामार, तेथे घोड्यावरचा नवरदेव व त्यामागचे बँडपथक येऊन मिळाले, म्हणजे शहराच्या वैभवात कोणती भर पडणार आहे?

येथे कोणी आम्हांस ताजमहाल हॉटेलाचा दाखला देईल. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्यानंतरच्या त्या खचलेल्या वर्षांत जमशेटजी टाटांनी त्या हॉटेलाची उभारणी आरंभिली आणि डिसेंबर १९०३ मध्ये त्याचे दरवाजे उघडले. थोर माणसे गरजेच्या आधी बांधतात, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. दाखला मोठा आहे, म्हणूनच तो नीट वाचला पाहिजे. अपोलो बंदरावर आगबोटीतून उतरणारा पाहुणा ताजच्या आधीच तेथे येत होता. बंदर आधी होते, हॉटेल मागून आले. त्याच मुंबईत दुसरा दाखलाही उभा आहे. विलायतेहून ओतीव लोखंडाचा सांगाडा आणून १८६० च्या दशकात उभारलेले वॉटसनचे हॉटेल त्या काळचे सर्वांत दिमाखदार हॉटेल होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे या देशात प्रथम दाखविली गेली ती तेथेच. कालांतराने हॉटेल बंद पडले, खोल्यांतून कचेऱ्या व भाडेकरू भरले, आणि ती इमारत पाडावी की राखावी हा वाद न्यायालयापर्यंत गेला. अगदी अलीकडे, जून २०२१ मध्ये, करोनाच्या काळात मुंबई विमानतळाजवळच्या हयात रीजन्सीस पगारापुरतेही पैसे न उरल्याने आपले कामकाज थांबवावे लागले होते. हत्ती दारात झुलतो तेव्हा शोभा येते खरी. पण त्याचा चारा रोजचा असतो.

मध्यम आकाराच्या शहरात उंची हॉटेल चालत नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. छत्रपती संभाजीनगरास, ते औरंगाबाद म्हणून ओळखले जात होते तेव्हापासून, मोठी हॉटेले आहेत आणि त्यांस कारणही आहे. अजिंठा व वेरूळ पाहण्यासाठी जगभरातून माणूस तेथे येतो आणि लेणी एका दिवसात आटोपत नाहीत, म्हणून तो राहतो. तेथे पाहुण्याने हॉटेल आणले. हॉटेलाने पाहुणा आणला नाही. ठाण्यातही जी नावाजलेली हॉटेले गेल्या काही वर्षांत आली, ती मुख्यतः महामार्गांच्या कडेने आली आहेत. पूर्व द्रुतगती महामार्गावर एका मोठ्या रुग्णालयाच्या शेजारीच एक तारांकित हॉटेल आहे, हा योगायोग नव्हे. तीन हात नाका, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी या रेषेवर रस्ता रुंद आहे, कार्यालये आहेत, मेट्रोची स्थानके आहेत. उंची हॉटेलांची ठाण्यातील नैसर्गिक जागा ती आहे. धंद्यातील माणसांस ते कळते. कळत नाही ते आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांस.

तर मग जुन्या मध्यवस्तीचाच आग्रह कशासाठी धरला जातो, असा प्रश्न उरतो. आम्हांस त्याचे उत्तर हॉटेलात नव्हे, जमिनीत दिसते. २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तारांकित हॉटेलांस अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र मिळण्याची सोय आहे. सोय गैर नाही. परंतु हॉटेलाच्या नावाने मिळविलेले ते जादा क्षेत्र पुढे धंदा चालत नाही या सबबीवर दुकानांस, कचेऱ्यांस किंवा विक्रीच्या सदनिकांस गेले, तर आयत्या बिळावरील नागोबास काढणार कोण? तोवर त्या जागेवरील जुन्या चाळीतील भाडेकरू कोठे पांगले असतील, कोपऱ्यावरचा शिंपी, पिठाची गिरणी, वह्यांचे दुकान कोठे गेले असेल, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

आणि ही मध्यवस्ती म्हणजे काही ओसाड माळरान नव्हे. मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वराचे देऊळ आहे, १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे. संध्याकाळी तलावपाळीवर जाऊन पाहा, तेथे कोणासही प्रवेशमूल्य पडत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे सारे तारुण्य लोटते आणि १९९९ पासून गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते. त्या प्रथेचे अनुकरण पुढे गावोगाव झाले. हा या शहरांचा खरा दिवाणखाना होय, आणि तो सर्वांचा आहे. तलावाचा काठ, मैदानाचा कोपरा, जुन्या शाळेची किंवा रुग्णालयाची जागा 'पर्यटन विकासा'च्या गोंडस नावाखाली कोणा एकाच्या स्वाधीन करणे म्हणजे घरच्यांना बाहेर उभे करून पाहुण्यास बैठकीत बसविण्यासारखे आहे.

पाण्याची गोष्ट तर मुद्दाम सांगावयास हवी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरात राहणाऱ्या माणसास दिवसाला १३५ लिटर पाणी धरले जाते. चार व त्याहून अधिक तारांच्या हॉटेलात ते खाटेमागे ३२० लिटर धरावे लागते. २०० खोल्या आणि ४०० खाटा धरल्या, तर भरल्या दिवसास १,२८,००० लिटर. म्हणजे सुमारे ९५० नागरिकांच्या वाट्याचे पाणी. ठाण्याचे पाणी भातसेवर, कल्याणचे उल्हास नदीवर आणि औद्योगिक महामंडळाच्या बारवी धरणावर अवलंबून आहे. घोडबंदर रस्त्यावरील नव्या वसाहती आणि कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असताना तरणतलावाचे निळे पाणी डोळ्यांस सुखावेल, असे निदान आम्हांस वाटत नाही. या बाबतीत आमच्या पूर्वजांचा विवेक अधिक होता. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे परदेशी नाविकांस ठाऊक असलेले बंदर होते. तेथील व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी कान्हेरीच्या लेण्यांस दिलेल्या देणग्यांचे लेख आजही शिळेवर वाचता येतात. त्यांत कल्याणच्या एका सोनाराने दिलेली पाण्याची पोढी आहे. वाटसरूस आधी पाणी द्यावे, मग निवारा द्यावा आणि थाटमाटाची गोष्ट त्यानंतर काढावी, ही जाण त्या सोनारास होती.

मराठी मध्यमवर्गास आदरातिथ्याचा स्वतःचा असा एक घाट होता आणि तो आपण विसरलो, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. मुंबईत सरदारगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईच्या मुक्कामी तेथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तो तेथेच. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ साली पूना गेस्ट हाऊस सुरू केले आणि नाट्य-चित्रसृष्टीतील किती पिढ्यांना ते घरासारखे झाले. या ठिकाणी तारे नव्हते, चारित्र्य होते. स्वच्छ खोली, वेळेवर चहा, घरच्यासारखे जेवण, आणि दारावर ओळखीचा चेहरा. ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या स्टेशन परिसरात अशी पाच-पाच ठिकाणे निघाली, तर आमच्या मते ती एका पंचतारांकित हॉटेलाहून शहराची अधिक सेवा करतील, आणि आकडेमोड पाहता धंदाही अधिक करतील.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. महामार्गाच्या कडेस ज्यांना स्वतःच्या जमिनीवर व स्वतःच्या जोखमीवर उंची हॉटेले बांधावयाची आहेत, त्यांनी ती खुशाल बांधावीत. शहराने त्यांचे स्वागत करावे आणि भूमिपुत्रांस तेथे काम मिळेल हे पाहावे. मध्यवस्तीत मात्र महापालिकांनी पहिली अट ही घालावी, की सार्वजनिक जमिनीचा एक चौरस फूटही त्या कामी दिला जाणार नाही. खाजगी जागेवर हॉटेल होणार असेल आणि त्यासाठी जादा चटईक्षेत्र दिले जाणार असेल, तर निदान तीस वर्षे ती वास्तू हॉटेलच राहील, असा नोंदणीकृत करार व्हावा; उपयोग बदलल्यास ते क्षेत्र काढून घेण्याचा किंवा त्याची चालू बाजारभावाने वसुली करण्याचा अधिकार महापालिकेने राखावा. वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरल्याखेरीज भोगवट्याचा दाखला मिळू नये. समारंभांच्या मोटारी आवारातच मावतील एवढेच सभागृह मंजूर करावे. आणि जुन्या भाडेकरूंस त्याच जागी घर व गाळा मिळाल्यावाचून कुदळ पडू नये.

दुसरी जबाबदारी खुद्द महापालिकांची आहे, आणि ती कोणा विकासकावर ढकलता येणार नाही. अस्तित्वात असलेल्या लॉजांची नियमित तपासणी करून त्यांची प्रतवारी जाहीर करावी; जे स्वच्छ आहे त्यास स्वच्छ म्हणावे, जे नाही त्याचा परवाना काढून घ्यावा. रुग्णालयांजवळ नातलगांसाठी आणि स्टेशनांजवळ एकट्या प्रवासी स्त्रियांसाठी माफक दरांची निवासस्थाने धर्मादाय संस्थांच्या साहाय्याने उभारावीत. स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्यावर पाहुण्यास चालावयास पदपथ सापडावा, रिक्षावाल्याने भाडे नाकारू नये, आणि शौचालयाचा पत्ता नाकास न विचारता फलकावर वाचता यावा. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा पूल रहदारीस खुला होण्यास जानेवारी २०२१ उजाडला. त्या दोन वर्षांत कल्याणकरांनी काय सोसले हे त्यांनाच ठाऊक. जे शहर पाहुण्यास आपल्या दाराशी वेळेत पोहोचवू शकत नाही, त्याने दारावर कितीही तोरणे बांधली तरी पाहुणा वाटेतूनच परतावयाचा.

आमच्या जुन्या घरांत दिवाणखाना असो वा नसो, ओसरी मात्र असे. तेथे पायांवर पाणी घेण्यास तांब्या असे, टेकण्यास भिंत असे, आणि येणाऱ्यास तू कोण असे विचारण्यापूर्वी बस असे म्हटले जाई. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली यांनी आपली ओसरी आधी झाडूनपुसून घ्यावी. तसे झाले तर पाहुणे येतील, राहतील, पुन्हा येतील. आणि एके दिवशी त्यांच्यासाठी दिवाणखान्याचीही गरज पडेल. त्या दिवशी तो बांधण्यास पैसा आपल्या पायांनी चालत येईल, त्याच्यासाठी आज तलावाचा काठ गहाण टाकण्याचे कारण नाही.